त्याच्या आवाजामागचा आवाज

रविवार, रात्र

दिवसभर पीटीटीने सुरू होणाऱ्या फायली ऐकल्या. माझ्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजची नावं अशीच असतात: पीटीटी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि एक आकडा. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मला वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, ते सगळं एका दमात म्हणतो. आत काय आहे, ते उघडल्याशिवाय कळत नाही. एकीत तो मला एच दाबून हेडिंगवरून हेडिंगवर कसं जायचं ते शिकवतोय. दुसरीत नुसता खोकतोय, मग ‘चुकून दाबलं गेलं’ म्हणून बंद.

त्याला जाऊन दोन महिने झाले. ज्याच्याकडे त्याचं जे काही आहे ते एकत्र करायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. डोळस मित्रांना वाटतं, लिहिलेले मेसेज हा सोपा भाग. मला तोच जड गेला. त्याने लिहिलेलं सगळं मी ईस्पीकच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या यांत्रिक आवाजात ऐकत आले. वीजबिलाची आठवण त्याच आवाजात, बँकेचा ओटीपी त्याच आवाजात आणि त्याचं ‘निकाल लागला का गं?’ तेही त्याच. आता पुन्हा ऐकताना तो त्यात सापडेना. मग बाणाच्या कीने एकेक अक्षर चालत गेले. ऱ्हस्व-दीर्घ सगळं जागच्या जागी. तो ब्रेलवर वाढलेला. ‘तू कानाने लिहितेस’ म्हणून माझी टर उडवायचा, कारण मी ‘मी’चा ‘मि’ केला तरी मला ऐकताना फरक कळत नाही; त्याच्या बोटांना कळायचा. लुई ब्रेल 15 वर्षांचा असताना, 1824 मध्ये, सहा टिंबांची लिपी जवळपास तयार झाली होती, हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगत सुटे. कंटाळा यायचा, खरं सांगते.

फोटो बरेच आले. माझ्यापुरतं प्रत्येकाचं नाव ‘इमेज’. फोनच्या आपोआप वर्णनाने फार तर ‘दोन व्यक्ती, झाड’ एवढं सांगितलं. म्हणून एकच फोटो तिघांना पाठवून वर्णन लिहून मागितलं. एक म्हणतो, तो हसतोय. दुसरी म्हणते, ऊन लागल्यासारखं तोंड केलंय. तिसऱ्याने पांढऱ्या काठीवर तीन ओळी लिहिल्या, चेहऱ्यावर एकही नाही! तिन्ही वर्णनं तशीच फोटोसोबत ठेवली.

खात्यांचं काम त्याच्या भावाकडे आहे. दोन वर्षं वापर झाला नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं, म्हणून तिथली रेकॉर्डिंगं आधी उतरवून घ्या, एवढं सांगितलं. फेसबुकवर त्याने कुणाला वारसदार नेमलं असतं तरी त्या वारसदाराला खासगी मेसेज वाचता आले नसते. ते बरंच आहे. फोनचा पिन मात्र घरात कुणालाच ठाऊक नाही. तो कायम स्क्रीन कर्टन लावून ठेवायचा. पडदा काळा, कुणी खांद्यावरून डोकावलं तरी दिसणार काय? बॅटरी वाचते म्हणायचा. मला वाटतं, मजा वाटायची त्याला.

रात्री शेवटची फाइल उघडली. बावन्न सेकंदांची. तो बोलतोय आणि मागे त्याच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर काहीतरी वाचतोय. रेट बूस्ट चालू करून तो इतक्या वेगात ऐकायचा की मला ते भांड्यात वाटाणे ओतल्यासारखं वाटायचं. हेडफोन लावून ती पाच-सात सेकंदं निम्म्या वेगाने चालवली. चौथ्यांदा एक शब्द लागला, मग ओळ. तो माझाच मेसेज होता, फाइल उघडत नाही म्हणून केलेली लांबलचक तक्रार. तिसऱ्या वाक्याच्या मध्ये एक की वाजते आणि ईस्पीक शब्द अर्धवट टाकून गप्प होतं. कंट्रोल दाबलं त्याने. लगेच म्हणतो, ‘कळलं, कळलं, आधी एक्स्टेन्शन बघ.’

एक्स्टेन्शनचंच, फाइलच्या नावामागच्या त्या टिंबानंतरच्या अक्षरांचंच होतं ते. पण त्या मेसेजच्या शेवटी मी त्याच्या तब्येतीचं विचारलं होतं.

या फाइलचं नाव अजून बदललेलं नाही.