स्वित्झर्लंडमध्ये जेवणाचा खर्च आवाक्यात ठेवताना

स्वित्झर्लंडच्या सहलीची आखणी करताना विमानाचे तिकीट आणि रेल्वेचा पास यांवर आपण पुष्कळ खल करतो, जेवणाचा प्रश्न मात्र तिथे गेल्यावर बघू म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात तिथल्या साध्या उपाहारगृहातही एका माणसाच्या जेवणाला सहज २५ ते ३० फ्रँक मोजावे लागतात, आणि चौघांचे कुटुंब दोन्ही वेळा बाहेर जेवू लागले की खिसा रिकामा व्हायला वेळ लागत नाही. यावर उपाय म्हणजे मिग्रो आणि कोप ही तिथली नेहमीची किराणा-दुकाने. इंटरलाकेनमध्ये ती रेल्वे स्थानकांच्या अगदी जवळ असल्याने सकाळची गाडी पकडण्यापूर्वी पाव, दही, चीज आणि फळे घेऊन डब्यात निवांत न्याहारी करता येते. तिथल्या गाड्यांत खाण्याला कोणी हरकत घेत नाही.

मिग्रोच्या 'एम-बजेट' आणि कोपच्या 'प्री गारांती' या मालिकांतील वस्तू सर्वांत स्वस्त असतात. सुटी फळे बहुधा आपणच तोलायची असतात: किमतीच्या पाटीवरचा क्रमांक काट्यावर दाबला की चिठ्ठी बाहेर येते, ती पिशवीवर चिकटवायची. दुकान बंद होण्याच्या सुमारास, मुदत संपत आलेल्या सॅलड-सँडविचवर २५ किंवा ५० टक्के सवलतीच्या चिठ्ठ्या लागलेल्या दिसतात आणि रात्रीच्या जेवणाची सोय स्वस्तात होते. रविवारी मात्र मोठ्या स्थानकांतली आणि विमानतळांवरची दुकाने सोडली तर बहुतेक ठिकाणी शुकशुकाट असतो, त्यामुळे त्या दिवसाचा शिधा शनिवारीच भरून ठेवलेला बरा.

शाकाहारी माणसाने स्वस्ताईच्या भरात वेष्टनावरची यादी वाचायला विसरू नये. 'श्पेक' किंवा 'शिंकन' लिहिलेले दिसले की त्यात डुकराचे मांस आहे असे समजावे. ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट (दूध साकळवणारे द्रव्य) असते, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. तयार फोंड्यूच्या, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजच्या, पाकिटात बहुधा व्हाइट वाइनही असते. पिवळ्या वर्तुळातले हिरवे 'व्ही' हे चिन्ह शोधणे त्यामानाने सोपे.

पाण्याच्या बाटल्या विकत घेणे तर मला शुद्ध उधळपट्टी वाटते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, आणि एकट्या झुरिकमध्ये १२०० हून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत. पाणी पिण्याजोगे नसेल तिथे तशी पाटी असते.

घरून थेपले, चटणी, पोह्यांची पाकिटे जरूर न्यावीत, परंतु अर्धी बॅग खाण्याने भरण्यात अर्थ नाही. शिवाय भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ तिथे नेण्यास मनाई आहे, तेव्हा आजीने मायेने दिलेले पेढे घरीच संपवून विमानात बसावे.