किंडर स्काउट, कानांनी

एडेल गावाहून जेकब्ज लॅडरच्या दगडी पायऱ्या चढेपर्यंत मला फक्त माझी धाप ऐकू येत होती. किंडर स्काउटचं पठार 636 मीटर उंच, इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली सर्वांत उंच जागा. आमची वाटाडी ध्वनिमुद्रण करणारी होती. नियम एकच: वर पोचलं की बोलायचं नाही. हेडफोन आळीपाळीने.

वर जिकडेतिकडे काळपट पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ओली माती), हीदरची खुरटी झुडपं आणि कापूसगवताचे पांढरे झुबके. फोटोत यातलं काही खुलत नाही. पण चंडोल! आभाळात एका जागी पंख फडफडवत गातच राहतो, मध्ये दम कधी घेतो कोण जाणे.

वाटाडीने कुंपणाच्या तारेला एक चपटा माईक चिकटवला. नुसत्या कानाला तार मुकी. हेडफोन चढवला तर आत कुणी तंबोरा लावत बसलंय! वारा तारेला ओलांडताना तिच्या मागे दोन्ही बाजूंना आलटूनपालटून भोवरे सुटतात, त्यांनी ती थरथरते. वारा वाढला की स्वर चढायचा. हेडफोन पुढे द्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

मग पाण्यात बुडवायचा माईक एका काळ्या डबक्यात सोडला. टिक्, टिक्टिक्, मग एक जाड ‘बुळुक्’. तळाशी कुजणाऱ्या वनस्पतींतून सुटणारा वायू, त्यात बराचसा मिथेन. ही डबकी साठावीत म्हणून इथल्या घळींत मुद्दाम बांध घातले आहेत. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांच्या धुराने इथे आम्ल पाऊस पडला, पाणी धरून ठेवणारं स्फॅग्नम शेवाळ मेलं, पीट उघडं पडून वाहून जाऊ लागलं. आता बांध घालून शेवाळ पुन्हा लावतात. म्हणजे तो ‘बुळुक्’ बऱ्याच मेहनतीचा आहे.

हीदरमधून तांबडा ग्राउझ एकदम उडाला आणि ओरडला, ‘गोबॅक, गोबॅक, गोबॅक!’ नियम मोडून सगळे हसलो. एकेकाळी या पक्ष्यांच्या शिकारीसाठी हे पठार जमीनदारांनी लोकांना बंद केलं होतं. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार तरुण बंदी झुगारून वर चढले, राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. ग्राउझपर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

मँचेस्टरला उतरणारी विमानं अधूनमधून सगळ्यावर घरघर ओतत होती. वाटाडी ती मुद्रणातून काढत नाही. मला ते पटलं. किंडर डाउनफॉलपाशी पश्चिमेचा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवत होता आणि केसाळ टोपडं घातलेल्या माईकलाही तिथे नुसता खरखराट मिळाला.

जायचं तर मे-जूनमध्ये जा. पक्षी जमिनीवरच घरटी करतात, म्हणून पायवाट सोडू नका. मँचेस्टरहून एडेलला रेल्वेने साधारण पाऊण तास लागतो. बूट मात्र पाणी न शिरणारे हवेत.