चालू पोस्टग्रेसमध्ये उडालेल्या नोंदी परत आणताना

पोस्टग्रेस डेटाबेस चालू आहे, लोक त्यावर काम करताहेत आणि एका टेबलमधल्या काही हजार नोंदी चुकीच्या डिलीटने उडाल्या आहेत. हाताशी बेस बॅकअप (सगळ्या डेटा फाइल्सची प्रत) आणि त्यानंतरच्या सगळ्या वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंदवही) आहेत. अशा वेळी मी बॅकअप चालू डेटाबेसवर थेट चढवत नाही. बॅकअप पीजी-डम्पचा असला आणि तो चढवणाऱ्या पीजी-रिस्टोअरला 'क्लीन' दिलं की तो आधी टेबल ड्रॉप करायला (काढून टाकायला) जातो आणि त्याला ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक लागतो, म्हणजे तोवर दुसऱ्या कोणाला ते टेबल वाचताही येत नाही. एखादा लांबलचक रिपोर्ट आधीच चालू असेल तर ड्रॉप त्याच्यामागे अडकतो आणि त्या टेबलवरची प्रत्येक नवी क्वेरी ड्रॉपच्या मागे. शिवाय बॅकअपनंतर आलेल्या नोंदी जातात त्या वेगळ्याच. म्हणून शेजारी बेस बॅकअप आणि वॉल फाइल्समधून दुसरी प्रत उभी करायची आणि गेलंय तेवढंच उचलून आणायचं.

प्रत शक्यतो वेगळ्या मशीनवर उभी करतो. त्याच मशीनवर करायची वेळ आली तर पोर्ट वेगळा, म्हणजे ५४३३, आणि शेअर्ड बफर्स (सर्व्हर कॅशसाठी घेतो ती मेमरी) कमी. मॅक्स कनेक्शन्स मात्र मूळ सर्व्हरपेक्षा कमी करायचे नाहीत, नाहीतर प्रत उठतच नाही. आर्काइव्ह मोड (वॉल फाइल्स जपून ठेवायची सोय) बंद, कारण कॉन्फिग मूळचीच असते आणि प्रत प्रमोट झाली, म्हणजे स्वतंत्रपणे लिहू लागली, की तिच्या वॉल फाइल्स खऱ्या आर्काइव्हमध्ये जाऊन पडतात. सगळ्यात धोक्याची जागा टेबलस्पेसची, म्हणजे डेटा फोल्डरबाहेर ठेवलेल्या टेबलांच्या जागांची. डेटा फोल्डरमध्ये त्यांच्या फक्त सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) असतात. फोल्डर जसाच्या तसा कॉपी झाला तर प्रतीच्या लिंक चालू डेटाबेसच्याच फाइल्सकडे बोट दाखवतात. सर्व्हर सुरू करण्याआधी एकेक लिंक उघडून बघतो. डेटा फोल्डरची परवानगी ०७०० किंवा ०७५० नसेल तरी सर्व्हर उठत नाही, पण ते निदान लगेच कळतं.

पोस्टग्रेसच्या १२व्या आवृत्तीपासून रिकव्हरीच्या (बॅकअपवर वॉल फाइल्स चालवून डेटा पुढे आणायच्या) सेटिंग्ज मुख्य कॉन्फिगमध्येच असतात आणि 'रिकव्हरी.सिग्नल' नावाची रिकामी फाइल ठेवावी लागते. टार्गेट टाइम, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत डेटा आणायचा ती वेळ, लिहिताना यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक आकड्यात द्यायचा. लॉगमधली वेळ एका टाइमझोनची आणि सर्व्हरची दुसऱ्या, हा घोळ हमखास होतो. वेळ डिलीटच्या थोडी आधीची धरतो. टार्गेटला पोचल्यावर सर्व्हर आपोआप थांबून राहतो. वाचता येतं, लिहिता येत नाही. तिथून टार्गेट पुढे सरकवून रीस्टार्ट करता येतं. मागे मात्र जाता येत नाही, त्यासाठी बेस बॅकअपपासून पुन्हा सुरुवात.

प्रतीत उडालेल्या नोंदी दिसल्या की 'कॉपी' कमांडने बाहेर काढून चालू डेटाबेसमध्ये वेगळ्या स्कीमात (टेबलांच्या वेगळ्या कप्प्यात) टाकतो. मूळ टेबलला अजून हातही लावलेला नसतो. खरं काम इथे सुरू होतं. फॉरेन कीवर (एका टेबलच्या नोंदी दुसऱ्याशी जोडणाऱ्या दुव्यावर) डिलीट कॅस्केड असेल, म्हणजे पालक नोंद उडाली की मुलंही उडत असतील, तर मुलांच्या टेबलांमधल्या नोंदीही गेलेल्या असतात. ती सगळी शोधायची आणि घालताना आधी पालक, मग मुलं. इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' लिहून मोकळं व्हायचा मोह मला पटत नाही. ते टक्कर झालेल्या नोंदी गुपचूप गाळतं. तोवर कोणीतरी गायब झालेली माहिती नव्या आयडीने हाताने भरलेली असू शकते. अशा टकरींची यादी काढून, डेटा ज्यांचा आहे त्यांनाच निवडायला लावावं.

दुसरी भानगड ट्रिगरची, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडची. जुन्या नोंदी पुन्हा इन्सर्ट झाल्या की मेल जातात, साठा पुन्हा वजा होतो. त्या सेशनपुरता सेशन रेप्लिकेशन रोल 'रेप्लिका' केला तर नेहमीचे ट्रिगर गप्प बसतात, पण फॉरेन कीची तपासणीही बंद पडते. म्हणून लेफ्ट जॉइन लावून अनाथ (पालक नसलेल्या) नोंदी शून्य आहेत ना, हे कमिटच्या आधी बघायचं. आयडी 'जनरेटेड ऑलवेज' असेल, म्हणजे डेटाबेस तो स्वतःच देत असेल, तर जुना आयडी घालायला इन्सर्टमध्ये 'ओव्हररायडिंग सिस्टम व्हॅल्यू' लागतंच. पुढचा आयडी देणाऱ्या सीक्वेन्सला हात लावायचा नाही, तो आधीच पुढे गेलेला असतो.

इन्सर्टच्या आधी लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती वेळ थांबायचं) ३ सेकंद ठेवतो. अडलंच तर आपलं काम पडेल, लोकांचं नाही. मग ॲनालाइझ (टेबलची आकडेवारी ताजी करणारी कमांड), आणि नोंदींची संख्या व रकमांची बेरीज प्रतीशी ताडून बघणं.

प्रत लगेच पुसत नाही, कारण एखादं विसरलेलं टेबल नंतर निघतं. पण तिच्यात खरा डेटा आणि खरे पासवर्ड हॅश असतात, म्हणून तिला बाहेरून कनेक्शन मिळणार नाही असं करून ठेवतो आणि पुसायची तारीख तेव्हाच ठरवतो.