चादरीखाली दिसलेलं सोलापूर

विज्ञानाच्या पुस्तकात सूचिछिद्र प्रतिमाग्राहक, म्हणजे बारीक भोकातून आलेल्या प्रकाशाने आत उलटं चित्र उमटवणारा पिनहोल कॅमेरा, अर्ध्या पानात संपायचा. आमच्या सरांनी मात्र तो आमच्याकडून करून घेतला, आणि नुसता करून न थांबता त्यातून बघायला शिकवलं.

बुटाचा खोका आतून काळा केलेला. एका अंगाला चॉकलेटची चांदी, समोर ट्रेसिंग पेपर. चांदीला सुईचं नुसतं टोक लावायचं. कडा फाटता कामा नये. पंधरा सेंटिमीटरच्या खोक्याला साधारण अर्ध्या मिलिमीटरचं भोक चांगलं. मोठं झालं तर चित्र उजळ पण पुसट. फारच बारीक केलं तर अंधार होतो, शिवाय प्रकाश कडेशी पसरून चित्र पुन्हा पुसटच.

बघताना डोक्यावरून चादर ओढायची. सोलापुरात चादरींची काय वानवा! डोळे सरावले की कागदावर रंग उमटू लागत. आभाळ खाली, त्यात कडुनिंब शेंड्यावर लोंबतोय, सायकलवाला चाकं वर करून उलट्या दिशेने सरकतोय. सर बाहेरून विचारत, "चित्रात काय ठेवायचं, काय गाळायचं?" बारा मीटरवरचं आठ मीटर उंच झाड कागदावर दहा सेंटिमीटरचं होई. मोठं हवं तर पुढे व्हा. उलटं असल्यामुळे झाड, भिंत, माणूस असं काही मनात येत नसे. दिसत ते काळे-उजळ तुकडे, आणि कुठला जड झालाय ते चटकन कळे. पुढे मी चादरींच्या डिझाइनच्या कामात आलो. आलेखाच्या कागदावरचा नमुना आजही उलटा धरून तपासतो.

16 फेब्रुवारी 1980 च्या सूर्यग्रहणाचा खग्रास पट्टा रायचूरकडून गेला, आपल्याकडे खंडग्रास. आमच्या गल्लीत दारं लावून बसले होते. सरांनी आम्हाला शाळेत बोलावलं. सूर्याकडे पाठ करून उभे राहिलो तर कडुनिंबाखाली मातीभर सूर्याच्या कोरी सांडलेल्या, पानांमधली फट न् फट भोकाचं काम करत होती. खोक्यात सूर्य जेमतेम दीड मिलिमीटरचा येतो, म्हणून प्रयोगशाळेची पश्चिमेची खिडकी काळ्या कागदाने झाकून त्यालाच भोक पाडलं. साडेतीन मीटरवर धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर तीन सेंटिमीटरहून मोठी कोर उतरली.

शाळेच्या नव्या इमारतीतही पश्चिमेची एक खोली पूर्ण अंधारी करता यावी, ही माझी विनंती. पडद्यांचा खर्च मी आनंदाने उचलीन.