हट्टीच्या खाणीत कंपनीच्या आधी उतरलेली माणसं

रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात, हट्टी नावाचं गाव आहे. तिथल्या सोन्याच्या खाणीची माहिती वाचायला घेतली की ती बहुतेक वेळा निजामाच्या राज्यात आलेल्या इंग्रज कंपनीपासून सुरू होते. मला हे पटत नाही. कंपनीने यंत्रं आणली, भांडवल आणलं, हिशेबाच्या वह्या ठेवल्या. पण कुठे खणायचं, हे तिला जुन्या खड्ड्यांनी दाखवलं. ते खड्डे तिच्या आधी जवळजवळ दोन हजार वर्षं तिथे होते.

मी सोनाराच्या घरातली. मूस, टाकणखार, कसोटी हे सगळं बघतच मोठी झाले. दुकानातला केर आणि बागेसरीची, म्हणजे सोनाराच्या शेगडीची, राख न्यायला झारेकरी यायचे. ती राख धुऊन ते त्यातून सोन्याचा कण न् कण वेगळा काढायचे. त्यामुळे सोनं मातीतून कसं निघतं हे मला ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते. हट्टीकडचा दगड हातात घेतल्यावर मात्र त्यात सोनं दिसलंच नाही. काळपट हिरवा खडक आणि त्यातून गेलेली गारेची (क्वार्ट्झची) पांढरी शीर, एवढंच. त्यात जे पिवळं चमकतं ते बहुधा लोह-गंधकाचं खनिज असतं. आज अशा एक टन दगडातून साधारण तीन-चार ग्रॅम सोनं मिळतं. म्हणजे एका तोळ्यासाठी तीन-चार टन खडक फोडायचा, दळायचा आणि सायनाइडच्या द्रावणातून काढायचा.

यंत्र नाही, सायनाइड नाही, आणि सोनं डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी त्या पहिल्या माणसांना कळलं कसं? याचं थोडं उत्तर खडकातच आहे. जमिनीलगतचा थर ऊन-पावसाने कुजलेला असतो. गंधकाची खनिजं विरघळून जातात आणि त्यात अडकलेलं सोनं मोकळं होतं. अशी माती ओढ्याच्या पाण्यात धुतली तर तळाशी कण राहतात. कणांचा माग काढत वर गेलं की गारेची शीर सापडते. इथपर्यंत मला समजतं, कारण हे झारेकऱ्याचंच काम, फक्त दुकानाऐवजी माळावर.

पण ते तिथे थांबले नाहीत, आणि मी इथेच थक्क होते. हट्टीतली जुनी कामं सुमारे 640 फुटांपर्यंत खाली गेलेली आढळली. त्या काळातल्या इतक्या खोल सोन्याच्या खाणी जगात दुसरीकडे क्वचितच माहीत आहेत. आत सापडलेल्या लाकडाची कार्बन पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा त्याचं वय दोन हजार वर्षांच्या आसपास निघालं. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. खडकाशी लाकडं रचून जाळ करायचा, दगड तापला की त्यावर पाणी मारायचं, तडे गेले की पाचर आणि घण. कोळसा आणि राख आतमध्ये सापडली, ती या कामाचीच. इतक्या अरुंद जागेत जाळ केल्यावर धूर निघून जाईपर्यंत आत पाऊल टाकता येत नसणार. शिवाय लाकडाचे भारे खाली न्यायचे, पाणी न्यायचं, आणि पाझराची पातळी लागली की तेच पाणी पुन्हा उपसून वर आणायचं. वर आणलेला दगड खडकातल्या वाटीसारख्या खळग्यांत कुटायचा आणि पाट्यावर बारीक वाटायचा. त्या परिसरात असे खळगे आणि वाटण्याचे दगड पुष्कळ आढळले आहेत. यातल्या एकाही माणसाचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही.

भूगर्भ सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1888 मध्ये दक्षिणेतल्या सोनं असलेल्या या खडकमालिकेवर लिहिलं आणि तिला धारवाडचं नाव दिलं. कंपन्यांची धावपळ त्याच काळातली. हट्टीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन झालं आणि 1920 पर्यंत खाण बंदही पडली.

या धावपळीतून एक गोष्ट मात्र अशी निघाली, जिच्यापुढे मला सोनंही फिकं वाटतं. 1915 मध्ये सी. बीडन नावाचा सोन्याच्या खाणीचा इंजिनिअर रायचूर जिल्ह्यातल्याच मस्की गावाच्या आसपास फिरत होता. तिथल्या टेकडीवर त्याला ब्राह्मी अक्षरं कोरलेली शिळा आढळली. त्यात ‘देवानंपियस असोकस’ असं स्पष्ट लिहिलं होतं. तोवर सापडलेल्या लेखांत राजा स्वतःला देवानांप्रिय, प्रियदर्शी म्हणवत होता. तो अशोकच, हे सिंहलच्या ग्रंथांच्या आधारे ठरवलेलं होतं. लेखात प्रत्यक्ष नाव मिळालं ते पहिल्यांदा मस्कीला. कर्नाटकातल्याच ब्रह्मगिरी इथल्या अशोकाच्या लेखात तर सुवर्णगिरी या ठिकाणचा उल्लेख आहे, जिथे मौर्यांचा राजपुत्र राहायचा. सुवर्णगिरी म्हणजे मस्कीच असं काही अभ्यासक म्हणतात, काही कनकगिरी किंवा जोन्नगिरीकडे बोट दाखवतात. जागा कुठलीही ठरो, मौर्यांना या मुलखाचं एवढं आकर्षण का होतं, याचं कारण मला तरी जमिनीखालीच दिसतं.

1947 मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स या नावाने हट्टीची खाण पुन्हा सुरू झाली. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाल्यावर ती म्हैसूर राज्याकडे आली आणि हट्टी गोल्ड माइन्स झाली. कोलारची प्रचंड खाण 2001 मध्ये बंद पडली. हट्टी चालू आहे. वर्षाला दीड टनाच्या आसपास सोनं निघतं. आपल्या देशाची आयात शेकड्यांनी टन आहे, तिच्यापुढे हे अगदी थोडं.

माझं मागणं एवढंच आहे की, खाण वाढते आहे तोवर माळावर उरलेले कुटण्याचे खळगे आणि जुन्या कामांची तोंडं मोजून, फोटो काढून, नकाशावर नोंदवून ठेवावीत. मस्कीच्या शिळेला संरक्षण मिळालं, कारण तिच्यावर राजाचं नाव होतं. खळग्यांवर कुणाचंच नाव नाही, म्हणून त्यांची नोंद आधी व्हायला हवी.