ट्रेलरची बॅटरी भरेना: व्होल्टेज गळत होतं कुठं?

कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊन खिंडसी तलावावर दोन रात्री काढून आलो तेव्हाच शंका आली होती. सकाळी निघताना ट्रेलरची बॅटरी, म्हणजे फ्रीज चालवणारी आणि गाडीच्या इंजिनवरून वायरीनं भरणारी, १२.१ व्होल्ट होती. नागपूरला घरी पोचेपर्यंत ट्रेलर ओढणाऱ्या बोलेरोचं इंजिन पावणेदोन तास चालू होतं. तासभर विसावा देऊन पाहिलं, तरी १२.१. गाडीकडून येणारा करंट वाटेत फ्रीजनं खाल्ला असेल म्हणावं, तर फ्रीज सरासरी तीन-चार अँपिअरचा. म्हणजे वरून येत होतं तेच मुळात कमी.

पहिला आठवडा चुकीच्या दिशेनं गेला. इंजिन चालू ठेवून, ट्रेलरच्या बॅटरीची वायर सोडून तिच्या टोकाला मीटर लावला, तर चक्क १४.१. वायरिंग चांगलंच आहे असं धरून बॅटरी उतरवली आणि दुकानात नेऊन तपासली. बॅटरी ठणठणीत निघाली.

मग नागपूरजवळच्या वाडीला जुन्या ट्रकांचं वायरिंग करणाऱ्या एका भाऊंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मीटर काय करंट पेते काय भाऊ? हेडलाइटचा बल्ब लावा, मंग पाहा."

खरं आहे ते. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरची एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवेल. ड्रॉप, म्हणजे वाटेत होणारी व्होल्टेजची घट, दिसतो तो करंट वाहायला लागल्यावर. घरी येऊन हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब घेतला, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून त्याच टोकाला लावला. साडेआठ अँपिअरच्या आसपास लोड. १४.१ चा आकडा बघता बघता ११.७ वर आला. गाडीच्या बॅटरीवर त्या वेळी १४.० होते. मधले २.३ व्होल्ट रस्त्यात जिरत होते.

आता ते नेमके कुठं जातात हे शोधायची पद्धत सांगतो, कारण मला वाटतं बहुतेकांचे आठवडे इथंच वाया जातात. बल्ब पेटलेलाच ठेवायचा. मीटरची एक सुई गाडीच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरी ट्रेलरकडच्या प्लसवर. जो आकडा येईल तो प्लस बाजूचा ड्रॉप. मग तसंच मायनसपासून मायनसपर्यंत. माझ्याकडे प्लसला ०.८ आणि मायनसला १.५ आले. मी इतके दिवस प्लसची वायर चाचपत होतो, आणि दुखणं होतं अर्थिंगमध्ये, म्हणजे मायनसच्या परतीच्या वाटेत!

खूण आधीपासून दिसत होती. रात्री इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा टेल लाइट त्या तालावर मंदावायचा. अर्थ कच्चा असला की दिवे असे एकमेकांच्या वाटेनं परतायला बघतात.

सुई एकेक जोड पुढे सरकवत गेलो. ट्रेलरच्या दांड्यावर, कपलिंगच्या मागे, जिथं अर्थचा लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा डोळा) बोल्टनं आवळलाय, तिथं लग आणि उघड्या लोखंडामध्ये एकट्या १.१ व्होल्टचा फरक. बोल्ट काढला. लगखाली पावडर कोटिंगचा काळा थर जसाच्या तसा. संपर्क होता तो बोल्टच्या आट्यांपुरता, आणि त्याही तपकिरी गंजलेल्या. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस. मायनसचा ड्रॉप ०.५ वर आला. बॉल हिचमधून (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यातून) अर्थ मिळतोच, असं कुणी सांगितलं तर विसंबू नका. तिथं ग्रीस असतं आणि गोळा सतत हलत असतो.

तरीही टोकाला १२.७ च. एवढ्यावर लेड-अॅसिड बॅटरी भरत नाही. प्लसच्या ०.८ पैकी ०.३५ फ्यूज होल्डरमध्ये जात होते. त्याचं प्लास्टिक पिनेजवळ पिवळं पडून वाकलं होतं. बाकीचं वायरचं. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध मीटरला साधारण साडेसात मिलिओहम. जाऊन-येऊन १४ मीटर म्हणजे १०५ मिलिओहम, दहा अँपिअरला एक व्होल्ट गेलाच. शिवाय तांबं तापलं की दर अंशाला रोध ०.३९ टक्क्यानं वाढतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली वायर ७० अंशांवर गेली, तर २० अंशांच्या हिशेबावर वीस टक्के आणखी धरा.

म्हणून सगळं उपसलं. प्लस आणि मायनस दोन्ही १६ स्क्वेअर एमएम, बॅटरी ते बॅटरी, मध्ये चासीवर (लोखंडी सांगाड्यावर) भिस्त नाही. जोडाला ५० अँपिअरचा अँडरसन प्लग. फ्यूज दोन्ही टोकांना, कारण मध्ये कुठं वायर घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडच्या बॅटऱ्या तिथं करंट ओततात. इंजिन बंद असताना फ्रीजनं गाडीची बॅटरी पिऊ नये म्हणून इग्निशनवर चालणारा रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. लग हायड्रॉलिक क्रिंपरनंच दाबले. हातोडीनं ठोकलेला एक जुना लग करवतीनं मधोमध कापून पाहिला, तर आत तारांमध्ये मोकळ्या फटी दिसल्या.

तोच बल्ब, तीच जागा: आता १३.७५. भर दुपारी पुन्हा मोजलं तेव्हा १३.७.

रविवारी काटोलला जाऊन आलो. निघताना १२.२, परत येऊन रात्रभर विसावल्यावर १२.५. फ्रीज पूर्ण वेळ चालू होता.

लिथियम बसवायचा विचार असलेल्यांनी मात्र हे जसंच्या तसं उचलू नका. ती बॅटरी अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राकडून) हवा तेवढा करंट ओढते आणि त्याला तापवते; मध्ये करंट आणि व्होल्टेज सांभाळणारा डीसी-डीसी चार्जर लागेलच. ज्या नव्या गाड्यांत बॅटरी भरल्यावर अल्टरनेटर स्वतःहून व्होल्टेज उतरवतो, तिथंही तोच उपाय.

सात-पिनी सॉकेटमधली तीन नंबरची, दिव्यांच्या अर्थची पांढरी वायर अजून जुनीच आहे. ती बदलायची आणि सॉकेटच्या झाकणाला नवं रबर बसवायचं, पाऊस लागायच्या आत.