रक्ताच्या रिपोर्टआधी झोपेचा हिशेब

"झोप कशी आहे?" "कमी झालीय." डिप्रेशनच्या पहिल्या तपासणीत एवढं बोलणं होतंच, आणि बऱ्याचदा तिथेच थांबतं. थांबायला नको. एक माणूस रात्रभर कूस बदलत राहतो, पहाटे तीनला टक्क जागा होतो आणि सकाळी त्याचं अंग शिणलेलं असतं. दुसरा तीन तास झोपून उठतो, पहाटेच कपाटं आवरायला काढतो, भराभर बोलतो, नवे बेत आखतो आणि तरीही दिवसभर थकत नाही. पहिल्याला झोप लागत नाही. दुसऱ्याला झोपेची गरजच लागत नाही. ही दुसरी अवस्था सलग चार दिवस किंवा जास्त टिकली, सोबत उत्साह किंवा चिडचिड नेहमीपेक्षा स्पष्टपणे वाढलेली असली, तर हायपोमॅनियाचा, म्हणजे सौम्य तेजीचा, विचार करावाच लागतो.

हे इतकं महत्त्वाचं का? बायपोलर म्हणजे कधी उदासी तर कधी अशी तेजी येणारा आजार, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा डिप्रेशननेच होते. त्या वेळी दोन्ही आजार सारखेच दिसतात आणि खरं निदान व्हायला कित्येकदा वर्षं जातात. मधल्या काळात नुसतं अँटिडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनवरचं औषध, दिलं गेलं, तर काही जणांचा मूड उलट्या टोकाला जातो.

रक्तावरून हा फरक कळेल का, असं घरचे हमखास विचारतात. संशोधन जोरात चालू आहे. २०२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गटाने 'जामा सायकिॲट्री'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या पाच वर्षांत डिप्रेशनचं निदान झालेल्या लोकांनी घरीच बोट टोचून कागदावर रक्ताचे थेंब दिले. त्यातल्या ६०० हून अधिक घटकांमधून १७ घटकांचा संच निवडला गेला. सेरामाइड नावाचा स्निग्ध घटक त्यात ठळक होता. नुसत्या रक्तावरून जास्तीत जास्त ३० टक्के बायपोलर रुग्ण ओळखता आले. प्रश्नावलीची जोड दिल्यावर निष्कर्ष सुधारला. पण नुसत्या रक्तातून बहुतेक बायपोलर रुग्ण निसटतातच.

बीडीएनएफ (मेंदूतल्या पेशींना पोसणारं प्रथिन) किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा घटक) या रक्ततपासण्यांचं दुखणं वेगळं आहे. बीडीएनएफ दोन्ही आजारांत कमी दिसतं. सीआरपी तर दातात पू झाला तरी वाढतं. शंभर-शंभर जणांच्या गटांची सरासरी वेगळी निघाली, तरी समोर बसलेल्या एका माणसाचा आकडा कुठल्या गटातला हे त्यावरून ठरत नाही. म्हणून 'मूड पॅकेज'सारख्या नावाने कुणी महागडी तपासणी सुचवली, तर पैसे वाचवा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ मात्र डॉक्टरांनी सांगितल्यास जरूर करा. या तपासण्यांतून बायपोलर कळत नाही, पण थायरॉइडमुळे किंवा बी-१२ च्या कमतरतेमुळे आलेली मरगळ वेगळी काढता येते.

आज हाताशी असलेला उत्तम पुरावा म्हणजे रोजची नोंद. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे लिहितो, त्याच चौकोनात तीन गोष्टी लिहा: चोवीस तासांत मिळून झोप किती, मूड उणे तीन ते अधिक तीन यांत कुठे, आणि थकवा आहे की नाही. '३ तास, +२, थकवा नाही' अशा ओळी सलग पाच चौकोनांत दिसल्या की डॉक्टरांना वेगळं काही सांगावं लागत नाही. नवी मुंबईत ऐरोली-महापेला रात्रपाळी असेल तर चौकोनात 'रा' लिहा, नाहीतर पाळीमुळे बुडालेली झोप आजाराची वाटते. जागरणानेही तेजी सुरू होऊ शकते. घरात बायपोलर असेल तर गणपती-नवरात्रातली सलग जागरणं टाळाच.

ओपीडीत एकट्याने जाऊ नका. उदास माणसाला आपली तेजी आठवत नाही, किंवा तो 'माझे चांगले दिवस' म्हणून ती सांगतच नाही. उधळलेले पैसे, अचानक सोडलेली नोकरी, रात्री दोनला केलेले फोन हे आईला किंवा बायकोला आठवतं. आई-वडील, भावंडांपैकी कुणाला बायपोलर आहे का, पहिलं डिप्रेशन पंचविशीच्या आत आलं का, बाळंतपणानंतर लगेच आलं का, त्यात भास झाले का, आधीच्या गोळीने दोन-चार दिवसांतच माणूस 'एकदम मस्त' झाला का, हेही कागदावर लिहून न्या. यातल्या एकाच गोष्टीने निदान होत नाही. तेजीच्या लक्षणांविषयीची तेरा प्रश्नांची एमडीक्यू प्रश्नावलीही फक्त चाळणी आहे.

अँटिडिप्रेसंट सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे चौकोन रोज भरा. झोप घटली आणि थकवाही नाहीसा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळी मनाने बंद करू नका, वाढवूही नका. डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं निघालं, तर माणसाला क्षणभरही एकटं न सोडता थेट जवळच्या रुग्णालयात न्या, आणि कॅलेंडरचं ते पान फाडून सोबत घ्या.